तीन वार म्हणायच्या आधी

घरात तिला टकळी म्हणत. बोलायला लागली ती थांबेचना, झोपेतसुद्धा ओठ हलायचे, म्हणून आत्यानं ठेवलेलं नाव. शाळेत बाईंनी वर्गाबाहेर काढलं, तर ही बाहेर शिपायाशी गप्पा मारत बसली. आत्या कपाळाला हात लावायची. बाबांना मात्र भारी कौतुक. "माझ्यावर गेलीय," म्हणायचे. खोटं नव्हतं ते. बाबांचं अख्खं आयुष्य जिभेवर चाललेलं. घाऊक बाजारात ते फळांचे लिलाव पुकारायचे.

लहानपणी सुट्टी असली की टकळी त्यांच्यासोबत जायची आणि रिकाम्या खोक्यावर बसून बघायची. बाबा सफरचंदांच्या पेटीवर चढायचे, सदऱ्याच्या बाह्या सारायचे आणि जीभ अशी सुटायची की ऐकणाऱ्याला धाप लागावी. मालाची तारीफ, व्यापाऱ्यांची थट्टा, कुणाच्या टकलावर एखादा टोमणा, आणि त्यातच चढत जाणारी बोली. मग एकदम आवाज खाली यायचा. "एक वार." जरा थांबून, "दोन वार." आणि मग बाबा गप्प. सगळी शेड गप्प. तागडीची साखळी हलली तरी ऐकू येई. बाबा कुणाकडेही बघत नसत, नुसते उभे. आणि कोपऱ्यातून कुणीतरी खाकरायचा, हात वर करायचा, बोली वाढायची.

"बाबा, तुम्ही मधेच का थांबता? पुढचं विसरता?" तिनं एकदा विचारलं.

"अगं, बोलतो ती हमाली. थांबतो त्याचे पैसे मिळतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तीन वार म्हणायच्या आधी समोरच्याच्या मनातलं ओठावर यायला वेळ द्यायचा. त्याचं त्यालाच बोलू द्यायचं."

"आणि नाही बोलला तर?"

"तर माल गेला. पण घाई आपली नसावी."

टकळीला हे काही पटलं नव्हतं. एवढा वेळ सगळे गप्प म्हटल्यावर तिला खोक्यावरूनच काहीतरी ओरडावंसं वाटायचं.

मोठी झाल्यावर तिला पहिली नोकरी मिळाली ती रेडिओवाल्या काकांच्या दुकानात. दुकान कसलं, बोळकंडीच ती. रेडिओ आता कुणी आणत नसे. मिक्सर, इस्त्र्या, पंखे यायचे, पण नाव तेच राहिलेलं. काका आत मान खाली घालून तारांना डाग द्यायचे आणि टकळी पुढे गिऱ्हाईक सांभाळायची. इस्त्री घेऊन आलेली बाई इस्त्रीचं सांगता सांगता सुनेचं सांगायची, सुनेचं सांगता सांगता रडायची, टकळी तिला स्टूल द्यायची. काका आतून म्हणायचे, "इस्त्री झाली गं, बाईंचं झालं का?" पगार यायचा तो काकांच्या सवडीनं. कधी पुरा, कधी अर्धा, कधी एखादा दुरुस्त केलेला पंखा.

मग मोठ्या कंपनीची नोकरी चालून आली. हीच यंत्रं बनवणारी कंपनी, आणि त्यांच्या तक्रारी फोनवर घेणारी काचेची सात मजली इमारत. त्या संध्याकाळी जेवताना टकळीनं कागद ताटाशेजारीच ठेवला.

"पगार?" बाबांनी विचारलं.

तिनं सांगितला. आत्याच्या हातातला डाव भांड्यात पडला.

"वर्षाचा?"

"महिन्याचा, आत्या. शिवाय विमा. माझा आणि बाबांचा. हॉस्पिटल, औषधं, घरी कुणी तपासायला आलं तर त्याचेही पैसे कंपनी देणार. न्यायला-आणायला गाडी. दुपारचं जेवण."

"म्हणजे मी आता आजारी पडायला मोकळा," बाबा म्हणाले.

"भलतंसलतं बोलू नकोस रे," आत्या त्यांच्यावर डाफरली, मग टकळीकडे वळली. "आणि माझा विमा?"

"आत्या बसत नाही त्यात."

"बसेन कशी. गुडघे कुठे वाकतात माझे."

बाबा हसले, पण कागदाकडेच बघत होते. "माणसं कशी आहेत तिथली?"

"चांगलीच असणार की. एवढी मोठी कंपनी. आत सगळं गारेगार असतं."

"मी हवा नाही विचारली, माणसं विचारली."

"ते काय, गेल्यावर कळेलच. तुम्ही सांगा, घेऊ ना?"

बाबांनी घास खाली ठेवला. काही बोलणार असं वाटलं. थांबले. टकळीला तेवढंही थांबवेना, लहानपणासारखंच.

"हो म्हणा ना बाबा. रेडिओवाल्या काकांकडे काय जन्म काढू? तुम्हालाच नंतर वाईट वाटेल. घेते मी."

"घे," बाबा म्हणाले आणि घास उचलला.

कंपनीत कुणी वाईट नव्हतं, हे आधी सांगायला हवं. कुणी ओरडायचं नाही. खुर्च्या पाठीला टेकू देणाऱ्या, पाणी थंड, वाढदिवसाला स्क्रीनवर रंगीत फुगे उडायचे. टीम लीडर तिच्याहून लहान, नेहमी हसतमुख मुलगा. त्यानंच पहिल्या दिवशी स्क्रीनच्या कोपऱ्यातला ठिपका दाखवला.

"हा हिरवा आहे तोवर आपण मजेत. लाइनवर कुणीच बोललं नाही की हा लाल होतो. शांतता आली की ग्राहकाला वाटतं, आपण झोपलोय."

"आणि तो विचार करत असेल तर?"

"तर आपण त्याचा विचार करून टाकायचा," लीडर म्हणाला. "लाल ठिपके वर मोजले जातात, ताई. मी नाही मोजत."

टकळीला वाटलं, हे तर आपल्यासाठीच काढलेलं काम. शांतता तिला कुठे सोसत होती? महिन्याभरात तिनं असा हात बसवला की दुसऱ्या टीमची माणसं तिचे फोन ऐकायला येऊ लागली.

"ते माझं... कपडे धुवायचं..." पलीकडे एखादे आजोबा चाचपडायचे.

"वॉशिंग मशीन, सर. पाणी भरत नाही की फिरत नाही?"

"फिरत... म्हणजे त्याचं काय झालं, माझी बायको..."

"फिरत नाही. तक्रार नोंदवली सर, उद्या माणूस येईल. अजून काही मदत?"

अजून काही नसायचं. बायकोचं काय झालं होतं, ते कळायचं नाही. ठिपका हिरवागार राहायचा. वर्षअखेरीला टकळीचा फोटो लिफ्टसमोरच्या भिंतीवर लागला आणि बोनसमधून घरात गरम पाण्याचा गीझर आला. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला न्हाणीघर दाखवत सुटली.

शेजारच्या खुर्चीतल्या मुलीशी टकळीचं कधी धड बोलणंच झालं नाही. दोघींच्या कानांवर सतत हेडफोन. डबा उघडताना हसायच्या, बस तेवढंच. एका सोमवारी त्या खुर्चीत भलतंच कुणी बसलेलं होतं.

"ती कुठे गेली?" तिनं लीडरला विचारलं.

"तिचे लाल फार होते. ऐकत बसायची." तो हसतमुखच होता, पण आवाज हळू केला. "चांगली होती."

टकळीला तिचं नाव आठवेना. आवाज तेवढा आठवत होता.

बाबांना झटका आला तो दाढी करताना. आत्याला आधी वस्तरा पडल्याचा आवाज आला. मग बाबा पडल्याचा. गाडी, हॉस्पिटल, मोठे डॉक्टर, खिडकीवाली खोली. कंपनीनं सगळं सोसलं, एका शब्दानं काही विचारलं नाही. लीडर स्वतः भेटायला आला, फळं घेऊन. हे टकळी कधी विसरली नाही, आणि कुणी कंपनीला नावं ठेवली तर तिला आवडत नसे. बाबा वाचले. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजत सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, कपाट भरलेलं आहे, दार अडकलंय.

विम्यातूनच स्पीच थेरपिस्ट बाई घरी येऊ लागल्या. आत्यानं त्यांना 'बोलबाई' केलं. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्या बाबांना म्हणाल्या, "तोंडपाठ असलेलं काहीही म्हणा. वार म्हणा, आकडे म्हणा."

बाबांचा चेहरा लाल झाला. ओठ वाकडे झाले. आणि एकदम घंटेसारखा आवाज आला, "एक वार, दोन वार, तीन वार."

आत्या स्वयंपाकघरात पळाली ती नळ सोडून रडायला. पण मग बोलबाईंनी पेला दाखवून विचारलं, हे काय, तर 'पाणी' काही येईना. बाबा पेल्याकडे बघत राहिले, असे की पेल्यानंच सांगावं.

"येईल," बोलबाई म्हणाल्या. "औषध एकच. थांबायचं. शब्द त्यांचा, त्यांनीच आणायचा. तुम्ही सुचवायचा नाही. कितीही वेळ लागू दे."

आत्यानं मान डोलावली. टकळीनं तर आधीच डोलावली होती.

आता हिची रोजची तऱ्हा ऐका. गाडीतून उतरायची ती धावतच वर यायची, बाबांच्या खुर्चीसमोर बसायची. बाबा तिला बघून उजळायचे. ओठ उघडायचे. "प..."

"पाणी? पंखा? पाय दुखतोय? पडदा ओढू?"

बाबा 'नाही' अशी मान हलवायचे.

"पडदा. थांबा, ओढते." पडदा ओढला जायचा. खोलीत अंधार. बाबा पुन्हा, "प... प..."

"पेपर. वाचून दाखवते." आणि ती वाचायला लागायची. कंपनीत दिवसभर कानात जे भरलेलं असायचं, ते घरी येताना हेडफोनबरोबर खुंटीला लटकवता येत नव्हतं. शांतता पडली की तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात ठिपका लाल व्हायचा, अगदी खरा दिसायचा. जीभ आपोआप सुटायची. तिला वाटायचं, ती मदत करतेय. थोड्या दिवसांत बाबा ओठच उघडेनासे झाले. ती काही म्हणाली की हो. चहा? हो. चहा तसाच गार व्हायचा. झोपायचं? हो. आणि अंथरुणावर टक्क डोळे.

"बरे होतायत," टकळी म्हणायची. "आता सगळ्याला हो म्हणतात."

आत्या तिच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. आत्या काही बोलत नाही, ही खरं तर मोठी बातमी होती.

रविवारी घरी न्हावीदादा यायचे. बाजारापासूनचे जुने. त्या रविवारी टकळी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती आणि बाहेर कात्री कचकचत होती.

"मिशी ठेवायची का उडवायची, शेठ?"

कात्री थांबली. बराच वेळ काहीच नाही. टकळी उठणारच होती उत्तर द्यायला, पण हातात ताटली होती.

"ठे...व."

"ठेवतो. आणि लेक कशी आहे? दिसत नाही हल्ली."

पुन्हा शांतता. न्हावीदादा कंगवा पाण्यात बुचकळत होते, तेवढा आवाज. मग बाबांचा आवाज, एकेक शब्द चढणीवरून ढकलत आणल्यासारखा.

"ती... चांगली. तिला... मी... गिऱ्हाईक... वाटतो."

न्हावीदादा हसले. "मलाही तुम्ही गिऱ्हाईकच की."

"तू..." कितीतरी वेळ गेला. "तू... थांबतोस."

स्वयंपाकघरात ताटलीतले मटार घरंगळून जमिनीवर गेले. टकळी ते वेचत राहिली. वेचून झाले तरी खालीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन ती रेडिओवाल्या काकांकडे गेली. तोच बोळ, तोच जळक्या तारेचा वास.

"काका, माझी जागा आहे का?"

"खुर्ची आहे," काकांनी मान वर न करता सांगितलं. "पाय मोडलाय तिचा, पण तुला सवय आहे." मग मान वर केली, चष्मा काढला. "पगाराचं तुला ठाऊकच आहे. आणि विमा-बिमा माझाच नाही, तुझ्या बापाचा कुठून काढू?"

"मला तिथं राहायचं नाही काका. माझं तोंड बिघडलंय."

"तोंड तुझं पहिल्यापासून बिघडलेलंच आहे," काका म्हणाले. ती हसली नाही, तेव्हा ते गप्प झाले, आणि गप्पच राहिले. पुढे काही विचारलं नाही. तेवढ्यानंसुद्धा तिला बरं वाटलं.

कंपनीत लीडरनं तिचं सगळं ऐकलं. त्याचीही नजर सारखी घड्याळाकडे जात होती, पण त्याला तरी काय म्हणणार. फोनऐवजी पत्रं-मेल लिहायचं टेबल मिळेल का, असं तिनं विचारलं. ते काम बाहेरच्या माणसांकडून करून घेतात, तिथं विमा नाही, तो म्हणाला. राजीनामा दिला तर? विमा महिनाअखेरीपर्यंत.

"म्हणजे थेरपिस्ट बंद," तो म्हणाला. "ताई, माझं ऐका. एवढं कुणी देत नाही. मी तीन ठिकाणी काम केलंय."

"मला माहितेय." तिनं राजीनाम्याचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"कागद मी वर पाठवत नाही अजून. ड्रॉवरमध्ये ठेवतो."

घरी बोलबाई निघायच्या तयारीत चपला घालत होत्या. टकळीनं त्यांना दारातच गाठलं.

"मी नोकरी सोडतेय. तुमचं येणं बंद होईल. पण मी घरी लवकर येईन, हळू होईन, मीच त्यांच्याकडून..."

"त्यांना विचार..."

"त्यांना काय विचारायचं, त्यांच्यासाठीच तर करतेय."

बोलबाईंनी चपलेचा पट्टा लावला. सरळ उभ्या राहिल्या. "मी म्हणत होते, त्यांना विचारलंत का? माझंही वाक्य तुम्ही पुरं केलंत."

त्या गेल्यावर टकळी बराच वेळ दाराला कडी लावत उभी होती. मग येऊन बाबांसमोर बसली. बाहेर अजून उजेड होता. आत्या खिडकीपाशी बसून स्वेटर उसवत होती, तिलाही तिनं उठवलं नाही.

"बाबा, मी नोकरी सोडू का?"

आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ओठ हलले, मिटले. ठिपका लाल झाला. 'हो म्हणा ना' तिच्या जिभेच्या टोकाशी आलं, तिनं दातांखाली धरलं. एक वार, ती मनात म्हणाली. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकल नेली. दोन वार. आत्याच्या हातातला धागा थांबला. शेडमध्ये बाबा कसे उभे राहायचे, कुणाकडे न बघता, ते तिला आठवलं, आणि तिनं बाबांच्या तोंडावरची नजर काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. आता तीन म्हणायचं नाही. माल गेला तर जाऊ दे.

"तेव्हा," बाबा म्हणाले.

ती हलली नाही.

"तेव्हा... मी... नको... म्हणणार होतो."

टकळीच्या डोळ्यांपुढे सगळं आलं. त्या रात्रीचं ताट, खाली ठेवलेला घास, ताटाशेजारचा कागद. विचारायचं होतं, मग का नाही म्हणालात, पण उत्तर तिला माहीत होतं. आणि वाक्य अजून संपलं नव्हतं. बाबांचा डावा हात हवेत काहीतरी शोधत होता.

"आता... सोडू... नको."

टकळीनं मांडीखालचे हात आणखी दाबले.

"बोलबाई... पाहिजे. तिच्याशी... येतं."

आत्यानं तोंड फिरवलं. बाबांच्या कपाळावर घाम आला होता, बाजारात भर दुपारी यायचा तसा. ते टकळीकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत माफी मागितल्यासारखं काहीतरी होतं. तेच तिला सोसेना. झटक्यानंतर तिनं समोर बसून त्यांचं बोलणं कधी पुरं ऐकलं नव्हतं. पुरं ऐकलं, आणि ऐकलं ते हे.

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

लीडरनं ड्रॉवरमधून कागद काढून परत दिला. "मी म्हटलंच होतं," म्हणाला, आणि मनापासून हसला. तिनं हेडफोन चढवले. ठिपका हिरवा झाला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "अहो, ते फ्रिजमधलं... काय म्हणतात त्याला..." आणि टकळीनं सांगून टाकलं, काय म्हणतात त्याला.

आता ज्या दिवशी बोलबाई येतात, त्या दिवशी कंपनीची गाडी तिला चौकात सोडते तेव्हा त्यांचा तास चालू असतो. ती धावत वर जात नाही. शेवटच्या वळणाच्या पायरीवर बॅग मांडीवर घेऊन बसते. दाराच्या फटीतून बाबांचा आवाज येतो. हल्ली ते बाजाराचं सांगतात.

एकदा आत्या केराचा डबा घेऊन बाहेर आली, तर ही बसलेली.

"अगं, इथं काय करतेस? किल्ली विसरलीस?"

"नाही."

"मग आत ये की."

"ते बोलतायत, आत्या."

आत्यानं मागे दाराकडे बघितलं. केराचा डबा बाजूला ठेवला, आणि न वाकणारे गुडघे कसेबसे वाकवून, कठड्याला धरून, तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"सफरचंदाच्या... पेट्या," आतून बाबा सांगत होते. "मी वर... उभा. आणि... खाली... खोक्यावर..."

आवाज थांबला. पुढचा शब्द टकळीला माहीत होता. खोक्यावर कोण बसलेलं, हेही माहीत होतं. तिचे ओठ हलले. आत्यानं हळूच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आत बोलबाई थांबल्या होत्या. बाहेर या दोघी थांबल्या.